संसार अचानक मोडतो ती कादंबरी: बडोद्याच्या घरात सस्पेन्स कसा उभा करायचा

लग्न अचानक मोडतं अशी सस्पेन्स कादंबरी लिहायची असेल तर सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, की 'अचानक' हे फक्त एकाच माणसासाठी असतं. बायकोला दुपारी कळतं की नवरा गेला, तिच्यासाठी ते आभाळ कोसळणं आहे, पण जो गेला त्याच्यासाठी तो दीड-दोन वर्षांच्या तयारीचा शेवटचा दिवस आहे. सगळा सस्पेन्स या दोघांच्या तारखांमधल्या फरकात असतो. खून, फार्महाऊस, अंधारी रात्र, यातलं काही नसलं तरी चालतं. ज्या माणसाच्या डब्यात आपण रोज पोळी भाजी भरत होतो तो तेव्हा काय विचार करत होता, हा एकच प्रश्न तीनशे पानं ओढून नेतो, मला तरी असंच वाटतं.

खाली जे लिहितेय ते बडोद्याला धरून लिहितेय, कारण मराठी कादंबरीत पुणं-मुंबई भरपूर आलंय आणि आपलं बडोदं, दांडिया बाजार, रावपुरा, कारेलीबाग, मांजलपूर, इथला मराठी संसार फारसा येत नाही. २०१८ ला साहित्य संमेलन इथे भरलं होतं, वाचणारे लोक आहेत, फक्त लिहायला बसायचंय.

पहिलं काम: दोन कॅलेंडर

वही घ्या किंवा गुगल शीट उघडा, डावीकडे सोडल्या गेलेल्या माणसाचं कॅलेंडर आणि उजवीकडे सोडून जाणाऱ्याचं. कथा सुचण्याआधी हे करा, कारण कथा यातूनच सुचते.

समजा मृणाल आणि समीर. लग्नाला अकरा वर्षं झालीत, कारेलीबागेत टेनामेंट, म्हणजे इकडचं छोटं स्वतंत्र घर, नऊ वर्षांची मुलगी, समीरची आई त्यांच्याकडेच राहते. समीर मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, एका कंपनीचे अकाउंट्स बघतो, मृणाल घरी ट्यूशन घेते. समीर घर सोडतो ते १४ जानेवारी २०२५ ला, ऐन उत्तरायणला, म्हणजे इथल्या पतंगांच्या संक्रांतीला, दुपारी.

आता मृणालचं कॅलेंडर भरा. २०२४ चा ऑगस्ट संपता संपता विश्वामित्री नदी शहरात शिरली, रस्त्यावर मगरी दिसल्या तो पूर, यांच्या खालच्या खोल्यांत पाणी आलं. सप्टेंबरात दुरुस्ती, त्यासाठी बँकेतून छोटं लोन. मग नवरात्र, दिवाळी, भाऊबीजेला माहेरी, डिसेंबरात मुलीच्या शाळेचा अॅन्युअल डे, आणि संक्रांत. बघितलं तर चांगलं वर्ष, पुराचं सोडलं तर.

समीरचं कॅलेंडर याच्या शेजारी ठेवा. २०२३ मध्ये ऑफिसातल्या एकाच्या नादाने शेअर बाजारातलं ऑप्शन ट्रेडिंग सुरू, पहिले दोन महिने पैसे येतात, मग जायला लागतात, मग गेलेले परत आणायला आणखी टाकतो, मग पर्सनल लोन, मग मित्रांकडून उसने. ऑगस्टात पूर येतो आणि मृणालसाठी जे संकट आहे ते याच्यासाठी संधी होते, कारण पुरानंतर घरावर कर्ज काढतोय म्हटलं तर कोणी का म्हणून विचारणार नाही. सप्टेंबरात बँकेत जाऊन दोघं सह्या करतात, मृणालच्या डोक्यात आकडा चार लाखाचा, कागदावर चाळीस. डिसेंबरात तो दुसऱ्या गावी खोली बघून येतो.

दोन्ही रांगा समोरासमोर आल्या की काय होतं बघा. पुरानंतरच्या आठवड्यात समीर भिजलेल्या फायली वर नेतो आणि पंख्याखाली एकेक कागद स्वतः वाळवतो, मृणालला हात लावू देत नाही, तू दमलीयस, जा झोप म्हणतो. मृणालच्या रांगेत हा प्रेमाचा प्रसंग आहे. समीरच्या रांगेत तो दस्तावेज शोधतोय आणि लोनच्या नोटिसा बाजूला काढतोय. तुम्ही हा प्रसंग चौथ्या प्रकरणात पूर्ण प्रेमाने लिहायचा, एकही संशयाचा शब्द न घालता, आणि पंचविसाव्या प्रकरणात मृणालला तो आठवला पाहिजे. असे सात-आठ प्रसंग मिळाले की कादंबरीचा सांगाडा तयार. मिळत नसतील तर अजून लिहायला बसू नका, कॅलेंडरवरच काम करा.

मोडण्याचा दिवस

हा दिवस असा निवडा की माणूस दोन-तीन तास दिसला नाही तरी कोणी शोधणार नाही. उत्तरायण याच्यासाठी इतकी योग्य आहे की बडोद्यात राहून ती वापरली नाही तर नवलच. सकाळपासून सगळं शहर अगासीवर, म्हणजे गच्चीवर, खालची घरं रिकामी, चारी बाजूंनी स्पीकर, काय पो छेच्या आरोळ्या, फोन वाजला तरी ऐकू येत नाही. समीर म्हणतो, उंधियू आणि जलेबी घेऊन येतो, लाइन असेल, वेळ लागेल. आणि लाइन खरंच असते, तासतास असते, त्यामुळे दीड तास कोणाच्या मनातसुद्धा येत नाही. मृणालचे हात तिळाच्या लाडवाने चिकट झालेत, मुलगी फिरकी धरायला बाबा पाहिजे म्हणून कुरकुरतेय, शेजारच्या अगासीवरून बेन विचारतात, समीरभाई क्यां गया? आणि मृणाल अगदी सहज उत्तर देते. हे सहज उत्तर नीट लिहा. पुढे पोलीस, नणंद, वकील सगळे तिला हाच प्रश्न विचारणार आहेत आणि दर वेळी तेच उत्तर द्यायला तिला जड जाणार आहे.

त्यानंतर घाई करू नका. पहिल्या रात्रीला तीन प्रकरणं द्या. आपल्याकडे नवरा घरी आला नाही तर बाई पहिला फोन पोलिसांना करत नाही, ती त्याच्या मित्राला करते, मग नणंदेला करू की नको असं तासभर, सासूला सांगायचं की गोळी घेऊन झोपू द्यायचं, सोसायटीत कळलं तर, उद्या आला तर हसं होईल. या टाळाटाळीत किती वेळ जातो तो तासांनिशी लिहा. वाचणाऱ्याला आतून ओरडावंसं वाटलं पाहिजे की बाई, आता तरी पोलिसात जा.

फोनचं आधी ठरवा. त्याने फोन नेला तर लोकेशन निघू शकतं, ठेवून गेला तर तो फोन घरात चार्जिंगला लावलेला सापडतो आणि ते जास्त भीतीदायक आहे, कारण फोन विसरणारा माणूस आणि फोन ठेवून जाणारा माणूस यातला फरक तिला लगेच करता येत नाही. शिवाय १४ ला बँका बंद, १५ ला वासी उत्तरायण, म्हणजे सणाचा दुसरा दिवस, म्हणून निम्मं शहर सुट्टीवर, म्हणजे पैशांबद्दल तिला दोन दिवस काही कळणारच नाही आणि यासाठी तुम्हाला काही खोटं रचायची गरजही नाही.

संशय घरातल्या कामांतून येऊ द्या

डायरी सापडणं, परफ्यूमचा वास, शर्टावर केस, हे आता पुरे. आजचं घर कागदांनी आणि मेसेजनी भरलेलं असतं आणि बाईला संशय येतो तो गॅस बुक करताना, फी भरताना, लाइट बिल शोधताना येतो.

फास्टॅगचं घ्या. गाडी पहिल्यांदा घेतली तेव्हा मृणालच्या नंबरवर रजिस्टर केली, त्यामुळे टोल कापल्याचा मेसेज तिच्या फोनवर येतो, आणि असे मेसेज कोण वाचतं, ती कधीच वाचत नाही. समीर गेल्यावर तिसऱ्या रात्री झोप येत नाही म्हणून ती मागचे मेसेज चाळते. एका डिसेंबरच्या शनिवारी समीर दहेजला ऑडिट आहे म्हणून गेला होता. दहेज म्हणजे भरूचच्या बाजूला, दक्षिणेला, टोल लागला तर करजणचा लागेल. मेसेज आहे वासदचा, म्हणजे उत्तरेला, आणंदच्या बाजूला. ती बेडवर बसून मनातल्या मनात रस्ता दोनदा उलटा-सुलटा करून बघते, कदाचित मीच चुकतेय म्हणते, मग मुलीच्या भूगोलाच्या पुस्तकातला नकाशा काढते. एवढंच. रडणं नाही, किंचाळणं नाही. मेसेज महिनाभर तिच्याच फोनमध्ये पडलेला होता हे वाचणाऱ्याला जास्त लागतं, आणि हो, हे मेसेज आधीच्या प्रकरणात कुठेतरी येऊन गेले पाहिजेत, स्वयंपाक करताना फोन टिंग वाजला आणि तिने न बघताच बाजूला सारला, एवढं एक वाक्य पुरतं.

लॉकरबद्दल सावध राहा. नवऱ्याने गुपचूप लॉकर रिकामा केला हे जुन्या काळी चालून जायचं. आता रिझर्व्ह बँकेचे २०२२ पासूनचे नियम असे आहेत की लॉकर उघडला की त्याच दिवशी ग्राहकाला एसएमएस आणि ईमेल जायला पाहिजे, तारीख आणि वेळेसकट. म्हणजे तुम्हाला उत्तर द्यावं लागेल, कोणाचा नंबर दिला होता? समीरचा असेल तर ठीक, तिला कळणार नाही. पण बँकेतल्या रजिस्टरमध्ये त्याची सही आणि वेळ असणारच, आणि ते रजिस्टर ती बघते तो प्रसंग सोन्यासारखा आहे, कारण तिला दिसतं की तो भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तिथे होता, म्हणजे ती माहेरी होती तेव्हा.

लोनचंही तसंच. बायकोची खोटी सही मारून घरावर कर्ज काढलं असं लिहाल तर बँकेत काम करणारा पहिलाच वाचक पुस्तक बंद करेल. घर दोघांच्या नावावर असेल तर बँक दोघांना बसवते, केवायसी करते, समोर सह्या घेते. म्हणून मृणालने स्वतः सही केली असली पाहिजे, खुर्चीत बसून, समोर चहाचा कप, पानामागून पान उलटत, इथे, इथे आणि इथे. तिने आकडा वाचला नाही कारण शेजारी नवरा बसला होता. हा धक्का खोट्या सहीपेक्षा कितीतरी मोठा आहे, कारण आता चीड कोणावर काढायची हे तिलाच कळत नाही.

बाकी गुजरातेत दारूबंदी आहे हेही विसरू नका, इथे साध्या पिण्यालाही लपवालपवी लागते, त्यामुळे खोटं बोलायची सवय अशा छोट्या गोष्टीपासून लागलेली दाखवता येते. पण त्याच्यावर फार पानं घालवू नका.

सासू घरातच आहे

मराठी घराचा सगळ्यात मोठा सस्पेन्स इथे आहे आणि बहुतेक लोक तो वाया घालवतात. नवरा गेला पण त्याची आई घरातच आहे. तिचा बीपी, तिच्या गोळ्या, तिचा दुपारचा चहा, सगळं मृणालच बघणार. दोघींचं दुःख एकाच माणसाबद्दल आहे आणि तरी ते एक नाहीये. सासूला खलनायिका करू नका आणि देवीही करू नका. तिला असं लिहा की तिची बाजू घ्यावीशी वाटली पाहिजे.

मग हे करा. पहिले तीन दिवस सासू दर तासाला विचारते, काही कळलं का गं? चौथ्या दिवशी सकाळी ती विचारत नाही. दुपारीही नाही. पेपर वाचते, तुळशीला पाणी घालते, नातीची वेणी घालते. मृणालच्या हे लक्षात येत नाही, तिला वाटतं आई थकल्या. लक्षात आलं पाहिजे वाचणाऱ्याच्या. तुम्ही कुठेही लिहायचं नाही की समीरने आईला फोन केला असावा, फक्त तो प्रश्न संवादातून काढून टाकायचा. पुढे पन्नास पानांनी मृणालला ते उमगतं तेव्हा तिने आरडाओरडा करू नये, तिने रात्री गोळी आणि पाणी नेऊन द्यावं आणि दारात उभं राहून विचारावं, "आई, जेवतो का तो नीट?" आणि सासूने काय उत्तर द्यायचं ते तुम्ही ठरवा, माझ्या मते तिने नुसतं पाणी प्यावं.

हळदीकुंकवाचा प्रसंग

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू. मृणालने शुक्रवारी १७ तारखेला बायकांना बोलावलेलं आहे, वाणाच्या डब्या आणून ठेवल्यात. आता नवरा तीन दिवस बेपत्ता. रद्द करायचं तर कारण सांगावं लागेल, करायचं तर कुंकू लावताना प्रत्येक बाई चेहरा बघणार. नणंद फोनवर म्हणते, वहिनी, कर तू, नाही केलंस तर लोकांना कळेल. हा प्रसंग बारा-पंधरा पानांचा होऊ द्या, काळी साडी, अत्तरदाणी, कोण कुठे बसलंय, कोणी चप्पल दारात काढताना समीरच्या बुटांकडे बघितलं. माझ्या मते अशा कादंबरीत भांडणापेक्षा हा समारंभ जास्त भीतीदायक होतो, कारण इथे सगळ्या जणी गोड बोलताहेत आणि एकीला काहीतरी माहिती आहे.

शेजार आणि बोली

कादंबरीतली माणसं घरात मराठी, रिक्षात गुजराती, ऑफिसात हिंदी-गुजराती मिसळ अशीच बोलू द्या, सगळ्यांना पुस्तकी मराठीत बोलायला लावू नका. आणि याचा सस्पेन्ससाठी उपयोग करा. दांडिया बाजारच्या जुन्या वाड्यात नवरा बायको भांडली तर भिंतीपलीकडच्या काकूंना शब्द न् शब्द कळतो. गोत्री किंवा वाघोडिया रोडच्या सोसायटीत मराठीत भांडलं की सुरक्षित वाटतं, आजूबाजूला सगळे गुजराती. पण मृणालकडे कामाला येणाऱ्या बेन सहा वर्षं याच घरात आहेत. त्या गुजरातीत बोलतात म्हणून त्यांना मराठी कळत नाही असं दोघांनी धरून चाललंय. त्यांना सगळं कळतं. त्यांनी काय ऐकलं आणि त्या ते कधी सांगतात, हा पत्ता हातात राखून ठेवा.

पोलीस आणि कोर्ट

इथे चुका फार होतात, म्हणून जरा सविस्तर. माणूस हरवला तर चोवीस तास थांबावं लागतं असा कायदा नाही, लगेच तक्रार देता येते. गुजरातेत पोलीस स्टेशनला जाणवाजोग म्हणून, म्हणजे नुसती माहितीची, नोंद करतात, फोटो मागतात, शेवटचं कधी बघितलं, कपडे काय होते. पुढे सज्ञान माणूस सापडला आणि त्याने जबाब दिला की मी माझ्या मर्जीने गेलो, तर पोलीस त्याला ओढत घरी आणत नाहीत आणि त्याची इच्छा नसेल तर पत्ताही सांगत नाहीत. माझ्या हिशोबाने हाच कादंबरीचा मध्य. नवव्या-दहाव्या दिवशी जमादार फोन करून सांगतो, बेन, तुमचे मिस्टर बरे आहेत, काळजी करू नका, फाईल बंद करतोय. 'कुठे आहे' हा प्रश्न तिथे संपतो आणि 'कधीपासून' हा सुरू होतो, आणि दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा वाईट आहे.

मोबाइल कंपनी बायकोला नवऱ्याचे कॉल डिटेल देत नाही, ते पोलीस काढतात. तेव्हा मृणालला कोणी ओळखीच्याने प्रिंटआउट आणून दिला असं सहज लिहू नका.

घटस्फोटाच्या मुदती सस्पेन्सला फार उपयोगी आहेत. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात सोडून गेल्याच्या कारणावर अर्ज करायला सलग दोन वर्षं झालेली लागतात, सात वर्षं काहीच खबर नसेल तर ते वेगळं कारण. संमतीने हवा असेल तर वर्षभर वेगळं राहिलेलं लागतं, मग सहा महिन्यांची मुदत, ती कोर्ट माफ करू शकतं असं सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये म्हटलंय, पण संमती द्यायला समोरचा हजर तर पाहिजे. म्हणजे मृणाल अडकली, विवाहित आहे आणि नवरा नाही. पोटगीचा अर्ज मात्र ती लगेच करू शकते, पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम १२५, जुलै २०२४ पासून नव्या संहितेत १४४. तुमची कथा २०२५ ची असेल तर वकिलाच्या तोंडी नवा आकडा द्या, आणि जुना वकील सवयीने आधी १२५ म्हणतो असं लिहिलं तर आणखी खरं वाटेल. चोरून केलेलं फोन रेकॉर्डिंग नवरा-बायकोच्या खटल्यात पुरावा म्हणून घेता येतं असं सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये सांगितलंय, त्याच्या आधी आणि नंतर घडणारी कथा वेगळी होईल, तारीख बघून घ्या.

फॅमिली कोर्टात गर्दी, टाळ्या, ऑर्डर ऑर्डर नसतं. सुनावणी बंद दाराआड होऊ शकते, आधी समुपदेशकाकडे पाठवतात. आणि कोर्ट म्हणून न्यायमंदिरची जुनी सुंदर इमारत दाखवायचा मोह होईल, पण कोर्ट तिथून २०१८ मध्येच हललंय, आजच्या कथेत मृणाल तिथे तारखेला जाऊ शकत नाही. जुनी इमारत हवी असेल तर आजेसासूच्या पिढीचा धागा घ्या. बडोदा संस्थानात सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९३१ लाच हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला होता, देशाच्या कायद्याच्या चोवीस वर्षं आधी. घरातल्या कोणा आत्याने त्या काळात काडीमोड घेतला आणि तिचं नाव घरात कोणी घेत नाही, अशी एक बारीक वाट कादंबरीला फार छान जाईल.

कोण सांगतंय

मृणालच सांगत असेल तर तिला जे माहितीये ते वाचणाऱ्यापासून लपवू नका, ती फसवणूक होते. तिला दिसतं पण कळत नाही, एवढंच अंतर ठेवा. अधूनमधून मुलीच्या नजरेतून एखादं छोटं प्रकरण चालेल, मुलं तपशील बरोबर सांगतात आणि अर्थ चुकीचा लावतात. समीरचा आवाज मात्र पहिल्या दोनशे पानांत आणू नका. तो आला की लोक त्याची कारणं ऐकायला लागतात आणि मृणाल मागे पडते.

लिहून झाल्यावर

रोज हजारभर शब्द टाइप करा, सत्तर हजारांपर्यंत मजकूर गेला की पुरे, अशा कथेला त्याहून जास्त ताणू नये. शेवटाला समीरला मारू नका आणि परतही आणू नका, निदान पहिल्या खर्ड्यात तरी. शेवटचं प्रकरण तिथे संपवा जिथे मृणालचं कॅलेंडर समीरच्या कॅलेंडरला येऊन मिळतं, म्हणजे त्याने जायचं नक्की कधी ठरवलं ती तारीख तिला कळते. त्या तारखेला त्यांच्या घरात काय चाललं होतं ते तुम्ही आधीच कुठल्यातरी प्रकरणात लिहून ठेवलेलं असायला हवं, आनंदाचं प्रकरण असेल तर फारच उत्तम.

मग खर्डा तीन जणांना द्या, एक बँकेतला, एक वकील, आणि एक अशी बाई जी सासूबरोबर राहते. पेन्सिल द्या आणि सांगा, जिथे पहिल्यांदा संशय आला तिथे समासात रेघ मारा. तिघांच्या रेघा पहिल्या पन्नास पानांतच आल्या तर तुम्ही फायली वाळवायच्या प्रसंगात कुठेतरी जास्त बोललात, तो परत लिहा. कोणाचीच रेघ दीडशेव्या पानापर्यंत नसेल तर फोनचा टिंग आणखी एकदा वाजवा.